फुगीर अंतराळ-रचनांची कंपन-चाचणी: आधी हवेचा हिशेब

फुगवता येणाऱ्या रचनेची व्हायब्रेशन टेस्ट म्हणताना आपण एकाच नावाखाली दोन वेगळी कामं करत असतो. एक, रॉकेट उडताना घडी घातलेलं बोचकं किती हादरे सोसतं ते तपासणं. दुसरं, कक्षेत फुगून ताठ झालेली नळी, कडं किंवा खोली कोणत्या वारंवारतेला थरथरते आणि ती थरथर किती वेळात विरते ते मोजणं. पहिल्या कामाची रीत ठरलेली आहे. शेकर टेबल, म्हणजे ठरवल्याप्रमाणे हादरे देणारं यंत्र, असेल तिथे ते होतं. गाडी अडते ती दुसऱ्यापाशी. फुगवलेली वस्तू इतकी हलकी असते की भोवतालची हवा, लावलेला सेन्सर आणि टांगायची दोरी यांचाच आकडा वहीत उतरतो आणि रचनेचा आकडा त्याखाली दबून जातो. म्हणून या लेखात भर दुसऱ्या कामावर आहे. पहिलं शेवटी थोडक्यात येईल.

ही मोजणी लागते कशाला? मे १९९६ मध्ये एंडेव्हर यानातून सोडलेल्या स्पार्टन-२०७ या उपग्रहावर १४ मीटर व्यासाचा फुगीर अँटेना उघडला गेला. त्याला २८-२८ मीटर लांबीच्या तीन फुगीर नळ्यांचा आधार होता. उघडतानाची हालचाल आखल्याप्रमाणे झाली नाही, मात्र शेवटी अँटेना अपेक्षित आकारात आला. एवढी लांब नळी फार मंद गतीने डुलते. उपग्रहाची दिशा सांभाळणारी यंत्रणा त्याच गतीच्या आसपास काम करत असेल, तर ती नळीचं डुलणं थांबवण्याऐवजी वाढवू शकते. नियंत्रण-प्रणाली लिहिणाऱ्याला त्यामुळे पहिल्या चार-पाच मोडची (मोड म्हणजे रचनेची डुलण्याची एकेक ठरावीक तऱ्हा) वारंवारता आणि डॅम्पिंग, म्हणजे थरथर विरण्याचा वेग, हवं असतं, आणि तेही निर्वातातलं.

आधी कागदावर

बोलायला एक ठोस नमुना घेऊ. ३ मीटर लांब, १५ सेंटिमीटर व्यासाची, ५० मायक्रॉन जाडीच्या कॅप्टॉन या प्लॅस्टिक फिल्मची नळी. दोन्ही टोकांना झाकणं. आतला दाब बाहेरच्यापेक्षा ३.५ किलोपास्कल जास्त. नळी हातात घेतली तर कडक लागते, पण झाकणं सोडून तिचं वजन जेमतेम १०० ग्रॅम आहे.

आता दर मीटरला हलणारं वस्तुमान मांडू. फिल्मचं ३३.५ ग्रॅम. नळीच्या पोटातली हवा २१ ग्रॅम, आणि नळी आडवी हलताना तीही बरोबर हलते. शिवाय नळी बाहेरची हवा बाजूला सारते. गोल नळीसाठी हे जोडलेलं वस्तुमान तिने व्यापलेल्या हवेइतकंच धरतात, म्हणजे आणखी २१ ग्रॅम. बेरीज ७६. यात नळी निम्म्याहून कमी आहे.

निर्वातात बाहेरची हवा नाही, आणि आत ३.५ किलोपास्कल दाबापुरता वायू, म्हणजे मीटरला एक ग्रॅमही नाही. तिथे बेरीज ३४ ग्रॅम. कॅप्टॉनचा यंग गुणांक (ताणाला विरोध करण्याचं माप) २.५ गिगापास्कल धरून साध्या तुळईचं सूत्र लावलं आणि दोन्ही टोकं मोकळी ठेवली, तर पहिली वाकण्याची वारंवारता हवेत सुमारे १८ हर्ट्झ आणि निर्वातात सुमारे २७ हर्ट्झ येते. झाकणांचं वजन धरलं की दोन्ही आकडे खाली येतील, पण त्यांच्यातलं दीडपटीचं नातं जवळपास तसंच राहील.

हा हिशेब चाचणीआधी करून भिंतीवर चिकटवून ठेवा. हवेतल्या चाचणीत १८ च्या आसपास शिखर दिसलं की नळीत दोष आहे म्हणून कोणी घाबरणार नाही, आणि २७ दिसलं तर मात्र काहीतरी चुकतंय हे लगेच कळेल.

कागदावरचा दुसरा हिशेब सुरकुतीचा. फुगीर नळी ताठ राहते ती दाबाने फिल्मवर आलेल्या ताणामुळे. वाकवल्यावर एका बाजूचा ताण शून्यावर आला की तिथे सुरकुती पडते आणि ताठपणा घसरतो. ज्या वाकवणाऱ्या आघूर्णाला पहिली सुरकुती येते तो काढायला पाय (π), दाब आणि त्रिज्येचा घन यांचा गुणाकार करून निम्मा घ्यायचा. आपल्या नळीत तो सुमारे २.३ न्यूटन-मीटर. नळी दोन टोकांवर आडवी टेकवून मधोमध पाव किलोचं वजन टांगलं, तर स्वतःच्या वजनासकट ती या मर्यादेला टेकते. उत्तेजन किती द्यायचं याची वरची सीमा इथे ठरते. त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत राहिलात तर रेषीय विश्लेषणावर विश्वास ठेवता येतो.

दाब धरून ठेवणं

चाचणीचा जास्तीत जास्त वेळ इथेच जातो.

नळी फुगवून झडप बंद केली की काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात आतला निरपेक्ष दाब १०५ किलोपास्कलच्या आसपास असतो आणि आपल्याला हवा असतो तो त्यातला फक्त वरचा साडेतीनचा थर. खोलीचं तापमान एक अंश वाढलं की आतला दाब सुमारे ०.३५ किलोपास्कलने चढतो. आपल्या साडेतीनच्या हिशेबात हे १० टक्के झाले. एसी चालू-बंद होताना दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो.

बाहेरचा दाबही एका जागी बसत नाही. आपल्या अक्षांशांवर हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. फरक ३-४ हेक्टोपास्कलचा, म्हणजे पुन्हा आपल्या दाबाच्या दहा टक्क्यांएवढा. पुण्या-मुंबईत सकाळी घेतलेलं आणि चहानंतर घेतलेलं मोजमाप जुळत नसेल, तर नळीला दोष देण्याआधी मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं साधन, बघा.

उपाय साधे आहेत. झडप बंद करून नळी सोडून देऊ नका. सूक्ष्म दाबाचा रेग्युलेटर सतत जोडून ठेवा आणि त्याची नळी बारीक, मऊ आणि नमुन्याच्या टोकाच्या झाकणाला जोडलेली असू द्या. मोजायला पाण्याचा यू-आकाराचा मॅनोमीटर उत्तम, ३.५ किलोपास्कल म्हणजे पाण्याची सुमारे ३६ सेंटिमीटर उंची. डिजिटल गेज असलं तरी तो शेजारी असू द्यावा, कारण त्याचं कॅलिब्रेशन बिघडत नाही. (निर्वात कक्षात त्याचा उपयोग नाही. पाणी उकळून जाईल.)

मग दाबाची चढण करा. १ किलोपास्कलपासून अर्ध्या-अर्ध्याने वर जा आणि प्रत्येक टप्प्यावर पहिली वारंवारता नोंदवा. घडीच्या वळ्या ताणून सपाट होईपर्यंत ती वाढत जाते आणि पुढे जवळपास स्थिरावते, कारण नळीचा वाकण्यातला ताठपणा मुख्यतः फिल्मच्या स्वतःच्या गुणांकातून येतो. नळीचा गोल काप चपटा-गोल होण्याचे मोड मात्र दाबाबरोबर सरकतच राहतात. हा आलेख हाती असला की कोणतं शिखर कुठल्या जातीचं आहे याचा निम्मा उलगडा तिथेच होतो.

टांगणी

अंतराळात नळीला आधार नसतो, म्हणून ती शक्य तितकी मोकळी टांगायची. दोन रबरी दोऱ्या, त्या पहिल्या मोडच्या निश्चल बिंदूंवर, म्हणजे मोकळ्या तुळईसाठी प्रत्येक टोकापासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर. झाकणं जड असतील तर हे बिंदू टोकांकडे सरकतात. दोरी वजनाने २५ सेंटिमीटर ताणली गेली तर उभ्या दिशेला टांगणीची वारंवारता सुमारे १ हर्ट्झ येते. दीड मीटर लांब दोरीला आडव्या दिशेला झोका घेण्याची वारंवारता ०.४ हर्ट्झ. नियम असा की टांगणीची वारंवारता रचनेच्या पहिल्या मोडच्या दहाव्या भागाखाली असावी. आपल्या नळीला दोन्ही चालतील, पण मी आडवी दिशाच निवडेन. हलवणंही आडवं आणि मोजणंही आडवं, म्हणजे रबराचं डॅम्पिंग वाटेत येत नाही.

दोरी फिल्मभोवती करकचून बांधू नका. दोन बोटं रुंद कापडी पट्टीचा झोळ करा. आणि मोजताना खोलीतला पंखा आणि एसीचा झोत बंद.

हलवणं

धातूच्या रचनेला मोडल हॅमरने, म्हणजे बल मोजणाऱ्या हातोडीने, ठोका द्यायची आपल्याला सवय असते. इथे तो ठोका उशीत बुक्का मारल्यासारखा होतो. फिल्म जागच्या जागी दबते, ऊर्जा लांब जात नाही आणि हातोडी उसळून दुसऱ्यांदा आपटते. ठोका द्यायचाच तर टोकाच्या कडक झाकणावर द्या.

त्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे झाकणाला बारीक, लांब स्टिंगरने (दांडीने) जोडलेला छोटा शेकर, आणि मध्ये फोर्स सेन्सर. स्टिंगर अक्षीय दिशेला ताठ आणि बाकी दिशांना लवचीक हवा, नाहीतर शेकरच रचनेला आधार देऊ लागतो.

तिसरा मार्ग याच क्षेत्रासाठी जणू तयार झालाय. नासाच्या लँग्ली केंद्रात १९९० च्या दशकात विकसित झालेल्या एमएफसी (मॅक्रो फायबर कॉम्पोझिट) पट्ट्या म्हणजे पॉलिइमाइड प्लॅस्टिकच्या दोन थरांमध्ये बसवलेले पिझोसिरॅमिक, म्हणजे व्होल्टेज दिल्यावर ताणले-आकसले जाणारे, तंतू. पट्टी वाकते, नळीच्या वळणावर बसते, वजन काही ग्रॅम. व्हर्जिनिया टेकमध्ये डॅनियल इनमन यांच्या गटाने २००० नंतरच्या वर्षांत १.८ मीटर व्यासाच्या फुगवलेल्या कॅप्टॉन कड्यावर अशाच पट्ट्या वापरून मोड काढले. पट्टी फिल्मला लांबीच्या दिशेने ताणते-आकसते, त्यामुळे शेकरच्या दांडीने येणारा आधाराचा प्रश्न संपतो. मात्र तिला साधारण उणे ५०० ते अधिक १,५०० व्होल्टपर्यंतचा पुरवठा चालतो, म्हणजे उघड्या टोकांना हात लावायची सोय नाही. पट्टी जिथे चिकटते तिथे फिल्म कडक होते हेही मॉडेलमध्ये धरावं लागतं.

लाऊडस्पीकरने आवाज सोडून हलवणं हवेत झटपट जमतं आणि स्पर्श अजिबात नाही. प्राथमिक शोधासाठी छान. पण बल किती लागलं ते कळत नाही आणि निर्वातात आवाजच पोचत नाही.

सिग्नलमध्ये सुरुवातीला बर्स्ट रँडम, म्हणजे सगळ्या वारंवारता मिसळलेला थांबून-थांबून दिलेला सिग्नल, वापरा. शिखरं दिसली की त्यांच्याभोवती स्टेप्ड साइनने, म्हणजे एका वेळी एकच वारंवारता देत, सावकाश जा. २७ हर्ट्झला एक टक्का डॅम्पिंग असेल तर शिखराची अर्ध्या शक्तीची रुंदी अर्ध्या हर्ट्झच्या जेमतेम वर असते. ०.१ हर्ट्झचं विभेदन हवं म्हणजे प्रत्येक नोंद निदान १० सेकंदांची. घाईत दोन सेकंदांच्या नोंदी घेतल्या तर डॅम्पिंगचा आकडा फुगलेलाच येणार.

मोजणं

५ ग्रॅमचा अ‍ॅक्सेलरोमीटर (चिकटवून लावायचा त्वरण मोजणारा सेन्सर) आपल्या नळीच्या मधोमध लावला तर निर्वातात पहिली वारंवारता साडेतीन टक्क्यांच्या आसपास घसरते, आणि मोकळ्या टोकाशी लावला तर दहा टक्क्यांच्या जवळ. यात केबल धरलेली नाही. केबल डॅम्पिंगही वाढवते आणि नळीला एका बाजूला ओढतेही. त्यामुळे फिल्मवर अ‍ॅक्सेलरोमीटर नकोच. झाकणावर एखादा चालेल.

लेझर डॉप्लर व्हायब्रोमीटर हे इथलं खरं हत्यार, ते परतलेल्या किरणावरून स्पर्श न करता थरथर मोजतं. पण लेझरला फिल्म आवडत नाही. साधी कॅप्टॉन फिल्म पारदर्शक असते आणि किरण पुढची भिंत भेदून मागच्या भिंतीवरून परततो, तेव्हा तुम्ही मोजता ती हालचाल भलतीकडची. अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेली फिल्म आरशासारखी वागते. नळी जराशी कलली की परतीचा किरण भिंगाबाहेर आणि सिग्नल गायब. दोन्हीवर इलाज एकच, मोजायच्या प्रत्येक बिंदूवर ५ मिलिमीटरची रेट्रो-रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे किरण आला त्याच दिशेने परतवणारी, टिकली. टिकल्या लावण्याआधी त्यांचा आख्खा ताव वजनकाट्यावर ठेवा आणि नळीवर लागणाऱ्यांचं वजन काढा. दोनशे टिकल्यांचं वजन फुकट नसतं.

बिंदूंचं जाळं ठरवताना नळीच्या फक्त एका रेषेवर बिंदू घेऊ नका. निदान तीन-चार छेदांवर परिघाभोवती प्रत्येकी आठ बिंदू हवेत, नाहीतर वाकण्याचा मोड आणि काप चपटा होण्याचा मोड एकसारखे दिसतात. हालचाल मोठी आणि सावकाश असेल, जसं दहा मीटरच्या पुढच्या नळ्यांत असतं, तिथे दोन कॅमेऱ्यांची फोटोग्रॅमेट्री, म्हणजे फोटोंवरून हालचाल मोजणं, लेझरपेक्षा सोयीची.

निर्वात कक्षात

कक्ष मोठा लागतोच असं नाही, पण असला तर बरं. नासाच्या ओहायोतल्या निर्वात कक्षात, ज्याचा व्यास सुमारे ३० मीटर आहे, २००५ मध्ये सौर शिडांच्या चाचण्या झाल्या. आपल्या नळीला चार मीटरचा कक्ष पुरतो.

सर्वांत महत्त्वाचं आधी. हवा काढताना नळीतली हवाही त्याच गतीने काढायची. झडप बंद ठेवून कक्ष रिकामा केला तर फिल्मवरचा घेराचा ताण सव्वापाच मेगापास्कलवरून दीडशेच्या वर जातो. कॅप्टॉन ६९ च्या आसपासच कायमची ताणली जायला लागते, आणि शिवण त्याही आधी उघडेल. म्हणून रेग्युलेटर कक्षाच्या दाबाच्या तुलनेत चालणारा हवा, फरक नेहमी ३.५. परत हवा भरतानाही हेच उलट करायचं. तिथे विसरलात तर नळी चिमटून जाते आणि पडलेल्या वळ्या पुढच्या प्रत्येक मोजमापात दिसतात.

एमएफसी पट्टीचा उच्च व्होल्टेज पुरवठा हवा काढत असताना बंद ठेवा. वातावरणाचा दाब आणि चांगला निर्वात या दोन्हीत हवा बऱ्यापैकी विद्युतरोधक असते, पण मधल्या पट्ट्यात, विशेषतः काही शे पास्कल ते काही किलोपास्कल, तीनशे-चारशे व्होल्टलाही ठिणगी पडू शकते. कक्ष १ पास्कलच्या बराच खाली उतरू द्या, मग स्विच लावा.

व्हायब्रोमीटर बाहेर ठेवून खिडकीतून मारत असाल तर किरण काचेला अगदी लंब नको. चार-पाच अंश कलता ठेवा, म्हणजे काचेवरचं परावर्तन भिंगात शिरणार नाही. मोजताना रोटरी पंप बंद करा. त्याची घरघर कक्षाच्या भिंतीतून टांगणीपर्यंत पोचते आणि २५ हर्ट्झला, म्हणजे नेमकी आपल्या पहिल्या मोडच्या शेजारी, एक खोटं शिखर उभं करू शकते.

जमलं तर दोन टोकांवरच न थांबता मध्ये तीन-चार दाबांवरही मोजा: १०० किलोपास्कल, ५०, १०, १ आणि मग निर्वात. वारंवारता चढत आणि डॅम्पिंग उतरत जाताना दिसलं पाहिजे. या आलेखावरून हवेचा वाटा वेगळा काढता येतो, आणि पुढच्या नमुन्याला कक्ष मिळाला नाही तरी हवेतल्या मोजमापावरून अंदाज बांधता येतो.

आकडे वाचताना

गोल नळीला आणि कड्याला मोड जोडीने येतात. एकच आकार, दोन काटकोनी दिशा, वारंवारता जवळजवळ सारखी. शिवणीमुळे जोडी थोडी फाकते आणि एका रुंद शिखरासारखी दिसते. नवखा माणूस तिचं डॅम्पिंग दुप्पट काढून मोकळा होतो. दोन वेगवेगळ्या दिशांना उत्तेजन देऊन दोन संदर्भ घ्या, म्हणजे जोडी सुटते. मोड-आकार सैद्धांतिक आकारांशी मॅक निकषाने (दोन मोड-आकार किती जुळतात याचा ० ते १ मधला आकडा) ताडून पाहा, पण जोडीतल्या मोडची दिशा फिरलेली असू शकते. तिथे मॅक कमी आला म्हणून मॉडेल चूक ठरत नाही.

मग तीन पातळ्यांवर उत्तेजन द्या, एकमेकांच्या दुप्पट. शिखर जागेवर राहिलं तर ठीक. बल वाढवताना ते खाली सरकलं तर कुठेतरी सुरकुत्या पडू लागल्या आहेत. कोहेरन्स (दिलेलं बल आणि मोजलेली हालचाल यांचा मेळ, १ म्हणजे पूर्ण) शिखरापाशी ०.९ च्या खाली असेल तर सरासरी वाढवण्याआधी दाब स्थिर आहे का ते बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

अहवालात प्रत्येक वारंवारतेशेजारी दाबातला फरक, कक्षाचा दाब, तापमान आणि नमुना किती वेळा घडी घालून उघडला ते लिहा. या चारांशिवाय आकड्याला किंमत नाही.

घडी घातलेलं बोचकं

आता उड्डाणाची चाचणी. पॅक केलेली रचना तिच्या डब्यासकट शेकरवर, तिन्ही अक्षांत. पातळी वाहक रॉकेटच्या कागदपत्रांतून येते. ती हाती नसेल तर नासा गोडार्डच्या प्रमाणातली लहान घटकांसाठीची रँडम पातळी धरतात: २० ते २,००० हर्ट्झ, पात्रता चाचणीत १४.१ जी आरएमएस (त्वरणाची वर्गमूळ-सरासरी, गुरुत्वाच्या पटीत), प्रत्येक अक्षात दोन मिनिटं.

आधी आणि नंतर कमी पातळीचा साइन स्वीप, म्हणजे वारंवारता सरकवत दिलेलं कंपन, घेऊन शिखरं ताडून पाहायची प्रथा आहे. धातूच्या डब्यात पाच टक्के सरकलं की आपण थांबतो. कापडाच्या घड्या हादऱ्याने दबून बसतात, त्यामुळे इथे पहिल्या अक्षानंतर शिखर सरकणारच. माझ्या मते इथे गळती-चाचणीचा निकाल जास्त बोलतो. हादऱ्यात घड्यांचे कोपरे एकमेकांवर घासतात आणि छिद्रं पडतात ती नेमकी तिथे. म्हणून क्रम असा: गळती, स्वीप, रँडम, स्वीप, पुन्हा गळती, मग निर्वातात उघडणं, आणि त्यानंतर वरची सगळी मोडल चाचणी त्याच नमुन्यावर.

घड्यांत अडकलेली हवा विसरू नका. नासाच्या एको या फुगा-उपग्रहांच्या प्रकल्पात ऑक्टोबर १९५९ च्या पहिल्या चाचणी उड्डाणात फुगा झटकन फुगून चिंध्या झाला, कारण फुगायला मदत म्हणून आत थोडी हवा ठेवली होती. १२ ऑगस्ट १९६० ला सुटलेला ३०.५ मीटरचा एको-१ मात्र नीट फुगला. शेकर चाचणीही त्यामुळे हवा काढलेल्या बोचक्यावरच करा. आत हवा राहिली तर घड्या गादीवर तरंगतात आणि घासणं कमी होऊन निकाल खोटा चांगला येतो. इस्रोने ३ सप्टेंबर २०२२ ला थुंब्याहून रोहिणी रॉकेटवर पाठवलेला फुगीर वायुगतिरोधक केव्हलारच्या कापडाचा, पॉलिक्लोरोप्रीनचा लेप दिलेला होता आणि ८४ किलोमीटरवर नायट्रोजनने फुगला. असं लेपाचं कापड फिल्मपेक्षा घासणं बरंच सोसतं, पण घडीच्या वळ्यावर लेपाला तडे जातात का ते भिंगाखाली बघावंच लागतं.

आणि घडी किती दिवस राहिली त्याची नोंद ठेवा. अंतराळ स्थानकावरचा बीम हा फुगीर कक्ष २६ मे २०१६ ला फुगवायला घेतला तेव्हा दाब चढत राहिला, पण कापड पुरेसं हललं नाही. काम थांबवावं लागलं. दीर्घकाळ दबलेल्या थरांमधलं घर्षण हे त्याचं कारण मानलं गेलं. २८ मे ला सात तासांत पंचवीस वेळा थोडी-थोडी हवा सोडून तो उघडला. शेकरवरून उतरवलेला नमुना दुसऱ्या दिवशी लगेच उघडून बघणं सोयीचं असतं, पण उड्डाणाआधी बोचकं वर्षभर पडून राहणार असेल, तर निदान एक जुळा नमुना तसाच बांधून, तसाच हादरवून कपाटात ठेवा आणि तेवढ्या काळानंतर उघडा.